कोळशाच्या मोटारीपुढचा विडा

रुक्मिणी पाहुण्यासाठी चहा घेऊन गेली आणि खाटेवर तिचा स्वतःचा मुलगा मेलेला दिसला.

खोली मोटारीच्या शेडला लागून होती. तिथे रत्नागिरीहून आलेले मोटार इन्स्पेक्टर करमरकर झोपायचे होते. बाळा तर मुंबईला होता, निदान रुक्मिणीला तसंच ठाऊक होतं. तिच्या किंकाळीने सगळं कट्टा गाव घरापुढच्या खळ्यात जमा झालं.

फौजदार सत्यवान नेरूरकर मालवणहून सायकलवर पोचले तेव्हा रविवारचं ऊन चांगलंच तापलं होतं. त्यांनी बाळाचा चेहरा पाहिला. मेलेल्या माणसाचा असतो तसा तो पांढराफटक नव्हता, गालांवर नवऱ्यामुलासारखी लाली होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. खाटेखालच्या डालग्यात अंड्यांवर बसलेली कोंबडी होती. तीही मेलेली.

"साप नाही," फौजदार म्हणाले. "साप चावला तर एकाला चावेल. इथली हवाच विषारी झाली."

खिडकीला गज होते आणि बाहेरून नारळाच्या झापांची झडी बांधलेली होती. मोटारीची पाठ खिडकीला टेकलेली. झडीने मोटारीचा मागचा भाग आणि खिडकी मिळून एकच तंबू केला होता.

"मे महिन्यातच झडी?" फौजदारांनी विचारलं.

"पावसाची तयारी," मोटारीचे मालक दाजी पेंडुरकर भिंतीला टेकून बसले होते, तिथूनच म्हणाले. ते बाळाचे वडील. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता, आणि ते रडणं खरं होतं, त्यात खोट नव्हती.

ही मोटार लढाईच्या दिवसांतली, तेव्हा दाजी स्वतःच ती चालवायचे. पेट्रोल मिळेना म्हणून मागे लोखंडी भट्टी बसवलेली. तीत कोळसा जाळायचा आणि त्याच्या वायूवर इंजिन चालवायचं. लढाई सरून सहा वर्षं झाली तरी दाजींची भट्टी सुटली नव्हती. सकाळी भर बाजारात ती पेटली की शाळेतली पोरं खोकून बेजार व्हायची. शेवटी मास्तरांनी तक्रार केली, आणि अशा गाड्या बंदच करायच्या की मोटारथांबाच गावाबाहेर माळावर न्यायचा, हे ठरवायला करमरकर आले. गाडीच बंद झाली तर दाजींचं सगळं संपत होतं. तरी त्यांनी करमरकरांना घरी उतरवलं आणि बांगड्याचं तिखलं खाऊ घातलं. सुंठीवाचून खोकला गेला तर कुणाला नको!

फौजदारांनी भट्टीच्या पोटात हात घातला. राख कोमट होती.

"आज गाडी सुटली?"

"रविवारची सुटत नाय," दाजी म्हणाले. "ड्रायव्हर प्लासिद चर्चात मिसाक जाता."

"मग भट्टी पेटवली कोणी?"

"ती पेटवूक फक्त प्लासिदाक येता." दाजींच्या आवाजाला एकदम धार आली. "तेकाच इचारा! शनिवारी भर बाजारात तोच म्हणालो, इन्स्पेक्टराक धुरात कोंडून मारतंय म्हणान. तो इन्स्पेक्टराक मारूक गेलो आणि माझ्या झिलाक, माझ्या बाळाक मारल्यान! फाशी देवा तेका!"

गावाने ती धमकी ऐकलीच होती. चर्चमधून परतणाऱ्या ड्रायव्हर प्लासिदला शिपायाने वाटेतच बेड्या घातल्या. त्याची बायको फ्रान्सिस्का चपला हातात घेऊन मागून धावत आली. जमावातून कोणीतरी तिच्या अंगावर शेण फेकलं, आणि चार माणसं हसलीसुद्धा. गावाला लवकर गुन्हेगार हवा असतो, खरा की खोटा याची घाई नसते.

"असं म्हणाला होतास?" फौजदारांनी विचारलं.

"म्हणालंय साहेब. रागान. गाडी गेली तर मी खाव काय?" प्लासिद म्हणाला. "पण बाळाक गाडी चालवूक मी शिकवलंय. रात्री मी घराकच होतंय."

"साक्षीला कोण?"

"माझी बायको."

बायकोची साक्ष! प्लासिद फासाच्या दोरीखाली उभा होता आणि ते त्यालाही कळत होतं.

एवढ्यात करमरकर गर्दीतून वाट काढत आले. त्यांना जिवंत पाहून दाजींनी डोळे मिटून घेतले. फौजदारांनी ते पाहून ठेवलं.

"तुम्ही होतात कुठे?"

"देवळाच्या ओवरीत झोपलो होतो, सकाळी तिथूनच माळावरची जागा बघायला गेलो. रात्री विझलेल्या भट्टीच्या वासानेही इथे डोळा लागेना. निघालो तर फाटकात हा मुलगा भेटला, आगबोटीने आलेला. बोट लागून अगदी गळून गेला होता. आईला उठवत नाही म्हणाला, तेव्हा मीच म्हटलं, माझ्या खाटेवर पड."

फौजदार मोटारीच्या पुढे गेले. काचेमागे फळीवर ग्रामदेवतेची तसबीर होती. तिच्यापुढे विडा, पान हिरवंगार, वर टवटवीत जास्वंद. बाजूला आदल्या दिवशीचं फूल सुकून पडलं होतं.

"प्लासिद, हे तू ठेवतोस?"

"मी नाय साहेब. मी नुसतो छातयेर खुरीस काढतंय. विडो मालक ठेवतत. भट्टेक काडी लावच्या आदी ते देवाक गाऱ्हाणा घालतत, मगे मी पेटवतंय. गाडी नाय सुटली तर विडो नाय."

फौजदारांनी तो विडा उचलला आणि खळ्यात दाजींसमोर येऊन उभे राहिले.

"दाजी, आज गाडी सुटायची नव्हती. तरी देवापुढे ताजा विडा आहे. भट्टीही पेटली होती. लढाईत ही गाडी तुम्ही स्वतः चालवत होतात, तेव्हा भट्टी पेटवता येत नाही हे खोटं. झडी तुम्ही बांधलीत. खाटेवर इन्स्पेक्टर आहे असं तुम्हाला वाटलं. कोळशाचा वायू डोळ्यांना दिसत नाही, झोपलेल्याला जाग येत नाही, आणि मेल्यावर गाल लाल राहतात. धमकी प्लासिदची होती, फास त्याच्याच गळ्यात गेला असता. सगळं बरोबर जमलं होतं. पण विड्याशिवाय भट्टीला काडी लावायचं तुम्हाला जमलं नाही. माणूस मारायचा होता, तरीही नाही."

"खोटा!" दाजी ओरडले.

"असेल खोटं. हा देवाचा विडा हातात घ्या आणि सांगा, मी ठेवला नाही."

दाजींनी हात पुढे केला. बोटं विड्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. देवाच्या विड्यावर खोटं बोलायची छाती त्यांना झाली नाही. माणूस मारण्याइतकी होती, एवढी नव्हती.

करमरकर हळूच म्हणाले, "फाटकात तो मला सांगत होता. बाबांसाठी मुंबईत डिझेलची गाडी ठरवलीय म्हणाला. सकाळी त्यांना सांगून चकित करणार होता. आणि मी तर नुसता थांबा माळावर हलवा म्हणणार होतो. तुमची गाडी बंद करणार नव्हतो, दाजी."

दाजींच्या घशातून निघालेला आवाज माणसाचा नव्हता.

"गाऱ्हाणं काय घातलंत?" फौजदारांनी विचारलं.

मग दाजी, रोजच्या त्याच सुरात, मान खाली घालून बोलले, "बा देवा म्हाराजा... माझ्या गाडयेच्या आड जो कोण खाटेर निजलो आसा... तेका उठव नुको रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला चारचौघांनी होकाराची साथ द्यायची रीत आहे. खळ्यात कोणी तोंड उघडलं नाही. मग खोलीच्या दारातून, मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली रुक्मिणी बोलली.

"व्हय म्हाराजा."

शिपायाने प्लासिदच्या हातातली बेडी सोडली आणि दाजींच्या हातात घातली.