मागच्या खोलीतलं प्रूफवाचन

हसायचं असेल तर हसा. पण हे औरंगपुऱ्यातल्या आमच्या कचेरीत, यंदाच्या मार्चमध्ये, भर दुपारी घडलंय. माझ्यासमोर. शपथेवर सांगते.

माझे काका, अजिनाथराव, कित्येक वर्षांपासून एक मासिक काढतात. त्यात कस्तुराकाकूचा अर्धा जीव. अंक छपाईला जाण्याआधी काकू कचेरीच्या मागच्या खोलीत मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायची, अगदी स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. काका समोर बसून पेन्सिलीनं प्रूफ तपासायचे. असं वाचल्याशिवाय आमच्याकडून एक ओळही बाहेर जात नसे.

गेल्या दिवाळीत काकू गेली.

काका छावणी भागात आमच्या घरी राहायला आले, पण पार खचलेले. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. मासिक बंद पडलं तर हा माणूस हातचा जाईल, याची मला धास्ती. म्हणून मीच मागे लागले... आता आधी सगळं वेबसाइटवर टाकू, छापील अंकाचं नंतर बघू.

त्या दुपारी काकांनाही कचेरीत आणून मागच्या खोलीत बसवलं आणि लासूर स्टेशन गावच्या एका बाईंची कथा मी टाकली. मोठ्यानं वाचत कोण बसतंय? बटण दाबलं, झालं काम.

आणि रस्त्यावरचा आवाज बंद झाला.

औरंगपुऱ्यात. भर दुपारी. एक हॉर्न नाही... एक रिक्षा नाही...

मग मागच्या खोलीतून बाईचा आवाज आला. सावकाश. एका लयीत.

"...तिनं दार लोटलं स्वल्पविराम आणि उंबऱ्यावर बसली पूर्णविराम..."

मी आत्ताच टाकलेली कथा!

तो आवाज मी लहानपणापासून ओळखते.

आत जाऊन पाहिलं. काका एकटेच. हातात पेन्सिल, समोर कागद नाही. पलीकडची काकूची खुर्ची रिकामी.

"काका..."

"गप गं. वाचतीय ती."

वाचन थांबलं.

मग अगदी माझ्या कानाशी... "इथं एक ओळ सुटलीय."

आणि ती ओळ वाचून दाखवली.

मी लॅपटॉप पाहिला. ती ओळ कथेत नव्हतीच. टाइप मी घरीच केलं होतं, मूळ कागद तिथंच, माझ्या कपाटात. संध्याकाळी काढून पाहिले.

शब्दन् शब्द तोच.

तेव्हापासून काका पोटभर जेवतात. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत जातात. लोक म्हणतात, माणूस सावरला. मला मात्र रडू येतं. अडवलं तर पुन्हा अंथरूण धरतील. जाऊ द्यावं तर... कोणाकडं पाठवतेय मी त्यांना?

मी स्वतः परत तिथं पाऊल टाकलेलं नाही. काम घरूनच करते.

काल जेवताना काका सहज म्हणाले, "अक्षदा, उद्या तू चल माझ्यासंगं. कस्तुरा लई दमलीय आता. म्हणती, माझ्या जागेवर पोरीला बसवा."

आता ते दारात चपला घालून उभे आहेत. "आवरलं का?" म्हणून विचारताहेत.

काय सांगू त्यांना?