मागच्या बाकावरची फर्रफर्र

"वास येतोय! जळका!" तावाके नाक दाबून ओरडला. त्याच क्षणी बसमधली धूमधूम बंद पडली आणि गाणं डबड्यातून आल्यासारखं चिरकायला लागलं.

सामोआच्या राजधानीतून, आपिआहून, गावाकडे निघालेली तुइलागीकाकांची निळी बस कचकन थांबली. पुढच्या बाकावरून काकांचे मेहुणे, मालोफीमामा उठले. मामा सहा महिने ऑकलंडला राहून आले होते आणि तेवढ्या भांडवलावर गावाचे ध्वनितज्ज्ञ होऊन बसले होते! काळा गॉगल ते बसमध्येही काढत नसत. मागच्या बाकाखालच्या खोक्याकडे त्यांनी गॉगलमधूनच पाहिलं आणि निकाल दिला.

"ही कार्टी खोक्यावर नाचली आणि आतला धूमधूम करणारा सबवूफर उडवला!"

"आम्ही नाही नाचलो!" तावाकेची मोठी बहीण लुपे फणकारली. "आणि आम्हाला मागे पाठवता तुम्हीच!"

ते खरंच होतं. मोठं माणूस चढलं की लहानाने उठून मागे सरकायचं, ही सामोआतली रीत. त्यामुळे पोरांच्या वाट्याला कायम ते खोकंच यायचं.

"हा दुसरा गेला!" काकांनी कपाळाला हात लावला. "शर्यत होईपर्यंत एकही पोर माझ्या बसमध्ये नको!"

लुपेचं तोंड एवढंसं झालं. शनिवारी आपिआच्या बंदरात नावांची शर्यत होती. गावाच्या लांब नावेत या वर्षी पहिल्यांदाच तिचे बाबा वल्हं मारणार होते, आणि गावात दुसरी बस नव्हती.

गावात पोचल्यावर मामांनी जळका सबवूफर काढून माडाखाली भिरकावला. भिरकावायला अक्कल लागत नाही! लुपे, तावाके आणि त्यांची चुलत बहीण सिनालेई लगेच त्याभोवती बसली.

"आम्ही नाचलो असतो तर पडदा फाटला असता. हा तर धड आहे," तावाके म्हणाला. त्याने पडदा बोटांनी हळूच दाबला. खर्र!

"आतली तार जळलीय," लुपेने वास घेतला. "नाचून तार जळते होय?"

"बंद पडायच्या आधी तो फर्रफर्र करत होता," सिनालेई म्हणाली. "पुढे काय ऐकू जाणार? इंजिनाची घरघर आणि वर मामांची बडबड!"

"शाळेच्या स्पीकरचं असंच झालं होतं!" लुपे म्हणाली. "अ‍ॅम्प्लिफायरवर आवाजाचा जोर वाढवणारा गेनचा स्क्रू असतो. तो फार पिळला की स्पीकरला झेपत नाही. आवाज फाटका येतो आणि तार तापते. सरांनी गेन कमी केला तेव्हा सुटलो. मामांनी तो स्क्रू शेवटपर्यंत पिळलाय!"

"मग सांगू या त्यांना," तावाके म्हणाला.

"पालथ्या घड्यावर पाणी! त्यांना सांगायचं नाही. ऐकवायचं."

सकाळी नवा सबवूफर बसवून मामा पुढच्या बाकावर ऐटीत बसले होते. तेवढ्यात चटया विणणाऱ्या आज्यांची फौज आली. बाजाराला उद्या निघणार होत्या, पण "चटया आम्ही उचलतो, आजच चला!" म्हणत पोरांनी त्यांना घराघरांतून बाहेर काढलं होतं.

"पोरं नकोत!" काका म्हणाले.

"मग चटया तू उचल," फेतूआजी म्हणाली. काकांनी पोरांसाठीही दार उघडलं!

पहिली आजी चढली, मामा उठले. एक बाक मागे गेले. दुसरी चढली.

"मामा, आजी उभ्या आहेत हो," तावाके नम्रपणे म्हणाला.

आणखी एक बाक मागे. थोरामोठ्यांत सगळ्यांत लहान मामाच! सरकत सरकत स्वारी थेट खोक्यावर येऊन टेकली. बस सुटली, काकांनी गाणं लावलं आणि नेहमीसारखं वाढवलं.

फर्र! फर्रर्र!

"भाऊजी! कमी करा!" मामा ताडकन उठले. गॉगल नाकावरून घसरला. "फाटतोय! जळेल तो!"

"मामा, तुम्ही नाचताय का?" लुपेने विचारलं.

सगळी बस खो खो हसली. काकांनी बस थांबवली, गाणं चालू ठेवलं आणि स्वतः मागे येऊन कान लावला. त्यांचा चेहरा पडला. लुपेने स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, गेन पार खाली आणला आणि मग हळूहळू वाढवत नेला. फर्र झालं की थोडं मागे! आता स्वच्छ, गोल धूम ऐकू आली. तिथे सिनालेईने लाल नेलपॉलिशची खूण केली.

"या खुणेपुढे गेलात तर तिसराही जळेल," लुपे म्हणाली.

"चुकलं माझं, पोरांनो," काका म्हणाले. "हा स्क्रू आता तुमच्याच ताब्यात. शनिवारी सगळ्यांच्या आधी तुम्ही चढा आणि बाबांच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडा!"

"शाबास!" फेतूआजीने तिघांच्या पाठीवर थाप मारली.

मामा हळूच पुढच्या बाकाकडे सरकायला लागले.

"तू कुठे निघालास?" आजी म्हणाली. "बस तिथेच. पुढच्या गावातल्या म्हाताऱ्या चढायच्यात अजून."