क्लॅरिनेट ऐकायचं कुठून?

चित्र इतकं सुरेख आलं होतं की केतकीचं आधी आवाजाकडे लक्षच गेलं नाही. दारातून येऊन ट्रंपेटच्या पितळेवर चमकणारं ऊन, लाल कोटांवरच्या जरीच्या पट्ट्या, गाल फुगवून वाजवणारे पिकल्या केसांचे वादक, सगळं समोर असल्यासारखं दिसत होतं. मग तिने डोळे मिटून ऐकलं आणि ती गोंधळली. मोठ्या ढोलाचे दणके आणि त्यांच्यामागे घुमणारा नुसता कालवा. बँडमधल्या इस्माईलचाचांचं क्लॅरिनेट त्यात कुठेच नव्हतं.

हे एक कोडंच होतं. चित्रण चालू असताना केतकी भिंगरीच्या शेजारीच उभी होती. भिंगरी म्हणजे तिचा तळहाताएवढा उडता कॅमेरा, बोलणारा आणि स्वतःच्या हुशारीवर जरा जास्तच खूश असलेला. त्या जागी उभं राहून केतकीने क्लॅरिनेटचा प्रत्येक सूर ऐकला होता. जागा तीच, हवा तीच. मग तिच्या कानांना जे ऐकू आलं, ते भिंगरीला का ऐकू आलं नाही?

चित्रण होतं मिरजेच्या जयविलास ब्रास बँडच्या तालमीचं, आणि ते हवं होतं केतकीच्या आईला. तिची आई रेवती चंद्रावरच्या संशोधन तळावर हवा शुद्ध करणारी यंत्रं सांभाळायची. केतकी आजोबांकडे राहायची. आजोबा, म्हणजे दिगंबर वाघमारे, ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाच्या स्वभावाचा अभ्यास करणारे) म्हणून निवृत्त झाले होते; पण त्याच्याही आधीपासून ते जयविलासमध्ये साइड ड्रम वाजवत. बँडची तालीम त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायची. लहानपणी रेवती तिथेच कोपऱ्यात बसून गणितं सोडवायची. तळावर चोवीस तास पंख्यांची घरघर असते, असं ती म्हणायची. तिला पुन्हा एकदा तो बँड ऐकायचा होता.

घाईचं कारणही होतं. वरातीपुढे बँड लावायची पद्धत केव्हाच मागे पडली होती, आणि जयविलासमध्ये आता नवीन कोणी येत नव्हतं. इस्माईलचाचांना डॉक्टरांनी फुंकायचं बंद करायला सांगितलं होतं. येत्या रविवारी शाळेच्या पटांगणात बँड शेवटचा वाजणार होता, आणि नंतर चाचा मुलाकडे रत्नागिरीला राहायला जाणार होते.

भिंगरीने ताबडतोब उपाय सुचवला. कालवा गाळून ती क्लॅरिनेट वेगळं काढणार होती. क्षणात तिने ते केलंही. सूर स्वच्छ, गोल, एकसारखा वाहत होता. केतकीने तो आनंदाने चंद्रावर पाठवून दिला.

आईचं उत्तर संध्याकाळी आलं. सगळ्यांना पाहून तिचे डोळे भरून आले होते. वाजवणं छान आहे, असंही ती म्हणाली. मग तिने विचारलं, "पण हे क्लॅरिनेट कोण वाजवतंय? चाचा नाहीत ना हे?"

चाचा तिथे शेडमध्येच बसले होते. त्यांनीही ती फीत ऐकली. त्यांना राग आला नाही. ते हसून म्हणाले की हा जो कोणी आहे त्याची छाती फार चांगली दिसते, आपल्याला एवढा लांब दम आता कुठला. पण वाद्य पेटीत ठेवताना त्यांनी ते पुन्हा पुन्हा पुसलं.

ते गेल्यावर आजोबांनी भिंगरीला विचारलं की तिने नेमकं काय केलं. भिंगरी म्हणाली, "मला क्लॅरिनेट फार पुसट मिळालं होतं. तेव्हा क्लॅरिनेट सहसा जसं वाजतं, तसं मी भरून काढलं."

"म्हणजे हे चाचांचं नाहीच," केतकी म्हणाली.

"तिने खोटेपणा केला नाही," आजोबा म्हणाले. "तिने अंदाज केला. जे टिपलंच गेलं नाही, ते नंतर परत आणता येत नाही. त्याची फक्त कल्पना करता येते."

मग ते जुन्या दिवसांबद्दल बोलू लागले. ते तरुण असताना वरातीत शेकडो लोक मोबाइल वर धरून चित्रण करायचे. दिव्यांच्या छत्र्या, नाचणारी मुलं, घोड्यावरचा नवरदेव, सगळं त्यात यायचं. इस्माईलचाचांनी सूर वर नेला की अख्खी वरात जागीच थबकायची. इतक्या वर्षांत इतकी चित्रणं झाली. पण ज्यात इस्माईल खरोखर ऐकू येतो असं एकही नाही, असं आजोबा म्हणाले. केतकीने तेव्हाच ठरवलं की रविवारचं चित्रण तसं होऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या वेळी आजोबांनी तिला एक कान बोटाने घट्ट बंद करायला सांगितलं. केतकीने तसं केलं आणि तिला नवल वाटलं. मघाशी स्पष्ट असलेलं क्लॅरिनेट आता बाकीच्या आवाजांत मिसळून गेलं. बोट काढताच ते पुन्हा वेगळं झालं.

आजोबांनी कारण समजावून सांगितलं. आपल्याला दोन कान असतात. डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी पोचतो, उजव्याला किंचित नंतर. एवढ्याशा फरकावरून मेंदू ओळखतो की कोणता आवाज कुठून आला, आणि जो हवा त्याच्याकडे लक्ष देतो. मायक्रोफोन (आवाजाच्या थरथरीचं विजेच्या थरथरीत रूपांतर करणारं यंत्र) असं लक्ष देऊ शकत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचेल ते सगळं तो एकत्र घेतो. भिंगरीला एकच छोटा मायक्रोफोन होता, आणि तोही तिच्याच पंखांच्या गुणगुणीजवळ.

कोड्याचा अर्धा भाग सुटला होता. उरलेला अर्धा शोधायला केतकी हातात एक साधा रेकॉर्डर आणि कानांवर हेडफोन घेऊन शेडभर फिरली. चाचांपासून एक पाऊल लांब असताना क्लॅरिनेट भरदार होतं. लांब जावं तसं ते झपाट्याने बारीक होत गेलं. घुमणारा कालवा मात्र शेडमध्ये कुठेही जा, जवळपास तेवढाच होता.

"मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाचा जोर एक चतुर्थांश उरतो," आजोबा म्हणाले. "तो फुग्यासारखा चहूकडे पसरत जातो ना. पण पत्र्यावर आपटून परत येणारे आवाज सगळ्या शेडमध्ये भरून राहतात. लांब गेलीस की थेट येणारा आवाज हरतो आणि प्रतिध्वनी जिंकतो."

म्हणजे भिंगरी चित्रासाठी योग्य जागी होती, पण ती जागा आवाजासाठी चुकीची होती. डोळा लांब असला तरी चालतो, कान जवळ लागतो. केतकीला हे उमगलं तेव्हा ती तिथल्याच एका पिंपावर बसली आणि आता कोणता मायक्रोफोन घ्यायचा याचा विचार करू लागली.

आजोबांच्या कपाटात नाना तऱ्हेचे मायक्रोफोन होते. केतकीला सगळ्यांत लांब, नळीसारखा आवडला. तो फक्त समोरचंच ऐकतो, असं भिंगरीने सांगितलं. म्हणजे आवाजाची दुर्बीण, असं केतकीला वाटलं. आजोबा नाही म्हणाले नाहीत. घेऊन बघ म्हणाले. तिने शेडच्या दारातून तो चाचांवर रोखला. क्लॅरिनेट थोडं जवळ आलं, पण ढोलाची घुमघुम जशीच्या तशी राहिली, आणि पत्र्यावरून उलटून येणारा आवाजही त्या नळीत शिरला. दुर्बिणीसारखी ती लांबचं जवळ आणतच नव्हती; बाजूंचं थोडंसं कमी करत होती, एवढंच. मोठे, जाडे सूर तर तिला जुमानतही नव्हते.

तेव्हा तिने बोटाच्या पेराएवढा एक मायक्रोफोन उचलला. तो वाद्यालाच चिमट्याने लावता येत होता. चाचा वाजवताना डुलायचे, त्यामुळे समोर उभ्या दांडीवरचा मायक्रोफोन कधी जवळ, कधी लांब झाला असता. हा मात्र त्यांच्याबरोबरच डुलणार होता. तिने तो क्लॅरिनेटच्या खालच्या कर्ण्यासारख्या तोंडाशी लावला. सूर आला, पण एकच खालचा सूर खणखणीत आणि बाकीचे पोकळ.

चाचांनी तिला जवळ बोलावलं. "पोरी, आधी कानाने शोध," ते म्हणाले आणि हळू वाजवू लागले. केतकी कान वाद्याच्या जवळ नेऊन खालून वर सरकत गेली, आणि तिच्या लक्षात आलं. क्लॅरिनेटचा आवाज नुसता तोंडातून बाहेर पडत नव्हता. जी जी भोकं उघडी असतील त्यांच्यातून तो बाहेर पडत होता. सूर बदलला की त्याचा दरवाजाही बदलत होता. तिने चिमट्याची लवचीक मान वाकवून मायक्रोफोन मधल्या कळांकडे वळवला आणि एक वीत दूर ठेवला. आता सगळे सूर सारखे येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर कळांची टकटक आणि चाचांचा श्वासही.

"श्वास मी काढून टाकू शकते," भिंगरी म्हणाली.

"नको," केतकी म्हणाली.

पण आईला एकटं क्लॅरिनेट नको होतं, बँड हवा होता. म्हणून तिने दोन सारखे मायक्रोफोन निवडले आणि ते बँडसमोर, वादकांच्या डोक्यांपेक्षा उंच, दोन कानांसारखे डावी-उजवीकडे तोंड करून लावायचं ठरवलं. उंचावरून मागच्या रांगेतलेही ऐकू आले असते. पटांगणावर पत्रा नव्हता, पण वारा होता. त्यासाठी दोघांनाही मऊ केसाळ टोप्या घातल्या.

रविवारी दुपारी पटांगणावर तिने ढोलवाल्यांना जमेल तितक्या जोरात वाजवायला सांगितलं. रेकॉर्डरवरचा प्रकाशाचा पट्टा थेट लाल टोकाला भिडला. आवाजाची लाट यंत्राच्या कुवतीपेक्षा उंच झाली की तिचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. तो नंतर शिवता येत नाही, हे आजोबांनी तिला ऐकवून दाखवलं होतं. भिंगरीचं यंत्र तसं होऊ नये म्हणून आपोआप पातळी खाली आणायचं, आणि प्रत्येक दणक्याला सगळ्या बँडला दाबून टाकायचं. केतकीने रेकॉर्डरवरची तशी स्वयंचलित सोय बंद ठेवली, पातळी हाताने उतरवली आणि वर मोकळी जागा राखली. तिन्ही मायक्रोफोनना रेकॉर्डरमध्ये वेगवेगळा मार्ग दिला, म्हणजे नंतर एकाला हात लावला तरी दुसऱ्याला धक्का नको. शेवटी भिंगरीसमोर उभं राहून तिने एक टाळी वाजवली. चित्रातले हात जिथे भेटतात आणि फितीतला आवाज जिथे उमटतो, ते दोन क्षण जुळवले की चित्र आणि आवाज बरोबर चालणार होते.

बँड सुरू झाला. पटांगण भरलं होतं. पुष्कळ जण असे होते ज्यांच्या लग्नात हाच बँड वाजला होता. केतकी हेडफोन लावून रेकॉर्डरजवळ बसली होती. शेवटच्या धूनमध्ये इस्माईलचाचांनी सूर वर नेला, त्यांचा तो प्रसिद्ध सूर, आणि मधेच त्यांचा दम तुटला. क्षणभर क्लॅरिनेटमधून काहीच आलं नाही. मग त्यांनी श्वास घेतला, सूर पुन्हा धरला आणि धून पूर्ण केली. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. चाचांनी मात्र मान वर केली नाही.

गर्दी ओसरल्यावर ते केतकीकडे आले. रेवतीला हे असं पाठवू नको, असं त्यांनी सांगितलं. ती तुटलेली जागा काढता येईल का, असं विचारलं. वेगळा मार्ग असल्याने ते करता आलं असतं. केतकीने हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले आणि आधी त्यांचं एकट्याचं क्लॅरिनेट ऐकवलं. चाचांनी तोंड वाकडं केलं. मग तिने समोरच्या दोन मायक्रोफोनचा आवाज त्यात मिसळला.

चाचा ऐकत राहिले. सूर तुटला, आणि त्या जागी बँड पुढे गेला नव्हता. ढोल हळू झाला होता. ट्रंपेटवाल्यांनी आपला सूर लांबवून धरला होता. आजोबांचा साइड ड्रम अगदी बारीक, काड्या नुसत्या चामड्यावर फिरत असल्यासारखा, जागच्या जागी वाजत राहिला होता. चाचांचा श्वास ऐकू आला, आणि तो पुरा झाल्यावरच सगळे एकदम पुढे निघाले होते.

"हे थांबले होते माझ्यासाठी," चाचा म्हणाले. "वाजवताना मला कळलंच नाही."

आजोबा ड्रमची वादी सोडत होते. "नेहमीच थांबायचो की," ते म्हणाले. "तूही थांबायचास."

चाचांनी डोळे पुसले आणि ती जागा पुन्हा एकदा लावायला सांगितली. मग म्हणाले, "राहू दे. अशीच पाठव."

आईने ते तळावरच्या जेवणघरात सगळ्यांना ऐकवलं. दुसऱ्या दिवशी ती बोलली तेव्हा तिने क्लॅरिनेट कोण वाजवतंय असं विचारलं नाही. ती म्हणाली की डोळे मिटल्यावर तिला शेडचा कोपराच दिसला. मग तिने एक बातमी सांगितली. तळावर एक जण सॅक्सोफोन घेऊन आला होता, पण एकटा म्हणून कधी वाजवत नव्हता. दोघांना तबला येत होता. आता ते सगळे मिळून काहीतरी वाजवू बघत होते. पुढच्या यानातून थोडंसं सामान मागवता येईल, तर मायक्रोफोन कोणते मागवू, असं तिने विचारलं.

केतकी लगेच काही सांगणार होती, पण थांबली.

"आई, आधी सांग, तिथल्या भिंती कशाच्या आहेत?"

चंद्रापर्यंत प्रश्न जायला आणि उत्तर यायला अडीच-एक सेकंद लागतात. तेवढ्या वेळाने पडद्यावर आई वळलेली दिसली आणि तिने मागच्या भिंतीवर बोटांनी ठोकलं. केतकीने डोळे मिटून घेतले आणि तो नाद विरेपर्यंत ऐकला.