नातवाचं स्थळ

"तुझा ससा कुत्र्याने खाल्ला."

अलासीने लाळेने भिजलेला केसाळ गोळा त्या अनोळखी तरुणापुढे धरला, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुकानापासून गोळ्यामागे धावत आला होता बिचारा. वारा असा सुटला होता की तोंड उघडलं की बर्फ आत!

"ससा नाही तो," तो धापा टाकत म्हणाला. "आवाज टिपायच्या माइकची टोपी आहे. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून... म्हणजे, होती."

"मग कुत्र्याला तसं सांगायचं ना!"

तो हसला, आणि एका गालाला खळी पडली. एकाच. उत्तर टोकाच्या त्या गावात, एप्रिलच्या त्या थंडीत अलासीला उगाचच अंगातला जाड पार्का काढावासा वाटला.

त्याचं नाव जेपिटी. आईचं गाव हेच, पण हा वाढला ओटावात. वसंतात गावातली पोरं आपले छोटे सिनेमे सभागृहात दाखवायची, त्यासाठी तो कॅमेरा घेऊन आला होता. त्याने अलासीचं नाव विचारलं.

"माझ्या आजीचं नाव अलासी होतं. आईच्या आईचं."

"सायमनीची बायको? अरे, मग ती मीच की!"

इथली रीतच तशी: गेलेल्या माणसाचं नाव बाळाला दिलं की नावाबरोबर नातीही येतात. ती म्हातारी गेली त्याच हिवाळ्यात अलासी जन्मली होती. 'आई, जेवलीस का?' असं ओटावाहून फोनवर अलासीला विचारणाऱ्या बाईचा हा मुलगा होता तर!

"म्हणजे तू माझी आजी?"

"मग! आजीशी नीट बोलायचं."

नातवाचं नुकसान झालेलं आजीला कसं पाहवेल? तिने माइकला पांढऱ्या सशाच्या कातड्याची नवी टोपी शिवून दिली. बदल्यात त्याने माइक लावलेली लांब काठी तिच्याच हातात दिली. जेपिटीच्या सिनेमात तिचा काका होता. काका आपल्या जुन्या स्नोमोबिलशी, बर्फावरच्या त्या गाडीशी, बोलायचा, रुसायचा, तिला शिव्या द्यायचा. जेपिटी कॅमेऱ्याला डोळा लावून बसायचा आणि अलासी कानांवर हेडफोन चढवून उभी राहायची.

काय काय ऐकू यायचं त्यातून! बर्फाची करकर, काकाचं मिशीवरचे थेंब पुसणं... एकदा काठी जराशी वळली, आणि कानात जेपिटीचा श्वास आला. अगदी जवळ. मनाजोगतं काही दिसलं की तो श्वास रोखून धरायचा. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, फक्त तिला. मग काय, काठी रोज थोडी थोडी वळू लागली.

"आजी, हात दुखला का?" तो विचारायचा.

आजी! आधी गंमत वाटायची. आता तो शब्द काट्यासारखा टोचायला लागला. सोमवारच्या विमानाने तो जाणार, आणि जाताना म्हणणार, येतो हं आजी. जन्मभर ती फोनवर नातवाची खुशाली विचारत बसणार. तिला त्याच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचं होतं. एवढं साधं मागणं, पण करायचं कसं?

सिनेमांच्या खेळाच्या दिवशी सभागृह फुल्ल होतं. काकाने स्नोमोबिलला लाथ मारली आणि मग तिची माफी मागितली, तेव्हा म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. एकटा काका घुश्शात होता. "माझा आवाज एवढा बारीक कसा रे?"

अलासी हळूच बाहेर सटकली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. मागोमाग जेपिटी आला.

"आजी, एक काम होतं. माझं स्थळ ठरवायचंय."

तिने तोंड फिरवलं. "...मला काय विचारतोस? आईला विचार."

"विचारलं. ती म्हणाली, माझ्या आईला विचार. तिची हरकत नसेल, तर माझीही नाही."

आता आली का पंचाईत! "ओटावाची आहे?" तिने कसंबसं विचारलं.

"छे. इथलीच. कामात मात्र भलती चुकार. काकाचं बोलणं टिपायला दिलं, तर हिने टिपलाय माझा श्वास. रात्रंदिवस सिनेमाचं जोडकाम करताना मी मलाच ऐकत होतो."

अलासीचे कान तापले. म्हणजे यानं सगळं ऐकलं... पहिल्यापासून!

"काम बिघडवलं ना मी?"

"काकाचं बिघडवलंस," तो म्हणाला. खळी पडता पडता राहिली; तो घाबरला होता. "बोल ना. आजी म्हणून काय म्हणतेस?"

"लोक हसतील."

"आई म्हणते, नाव आजीचं असलं तरी रक्त परकं आहे. लोकांनी हसावं पोटभर."

"मग आजीची हरकत नाही," ती बुटाकडे बघत म्हणाली. "पण मुलीला विचारलंस का?"

जेपिटीने श्वास रोखून धरला. हेडफोन नसतानाही तिला तो ऐकू आला.

"अलासी," तो म्हणाला, "राहू मी?"

तिने मान वर केली आणि दोन्ही भुवया उंच उचलल्या. 'हो' म्हणायला गावात तेवढं पुरतं.