अकराव्या ओळीतल्या लाटा

मास्तरांची सकाळ गेली अकरा वर्षे एकाच वळणाने उजाडत असे. सहाला उठायचे, भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायची, दाढीचे पाणी तापेपर्यंत कालचे शब्दकोडे पुन्हा तपासायचे आणि सव्वासातला दोन कप चहा करायचा: एक स्वतःला, एक वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना. वकीलबाईंनी कोर्ट सोडून खासगी तपासाचे काम धरले, तेव्हापासून गणिताचे हे निवृत्त शिक्षक त्यांच्यासोबत हिंडत. "तुम्ही बरोबर असलात की मला सावकाश विचार करावा लागतो," असे बाई म्हणत. मास्तरांना ते कौतुक वाटे.

त्या दिवशी मात्र वकीलबाईंच्या खोलीत दुसरा कप एका अनोळखी बाईंपुढे ठेवावा लागला. त्या आठ वाजायच्या आतच जिना चढून आल्या होत्या.

"माझे बाबा संगीतकार होते. गेल्या महिन्यात गेले," त्या म्हणाल्या. "त्यांची शेवटची रचना कॉम्प्युटरमध्ये आहे. आज चारला ती रेडिओकडे पाठवायचीय. पण शेवटच्या मिनिटात बासरी हळूहळू विरत जाते नि गप्प होते. साथ चालूच राहते. माणूस उठून गेल्यावर झुलती खुर्ची हलत राहावी ना, तशी."

"मग ती विरायचीच असेल," मास्तर म्हणाले.

"तोच तर प्रश्न आहे. सूर पुसलेले नाहीत, पडद्यावर दिसतात. नुसता आवाज उतरवलाय. तो वर करणं क्षणाचं काम. पण बाबांनीच झाकलं असेल, तर उघडणारी मी कोण? आणि दुसऱ्या कुणी झाकलं असेल, तर तसंच पाठवणं म्हणजे बाबांच्या तोंडावर हात ठेवणं."

"म्हणजे तुम्ही ते ऐकलंच नाही?" वकीलबाईंनी विचारले.

"नाही. बाबा फोनवर एवढंच म्हणाले होते, 'शेवट जमला. ऐकलंस की घर आठवेल.' तिसऱ्या दिवशी गेले."

वकीलबाई उठल्या. "चला मास्तर. कोट राहू द्या, ऊन आहे."

संगीतकाराची खोली लहान पण नेटकी होती. टेबलावर पडदा, पेटीसारखी सुरांची पट्टी, सरकत्या बटणांची रांग; टेबलाखाली पायाने दाबायचे पेडल. दाराआड चाकांची खुर्ची घडी घालून उभी होती.

"शेवटची दोन वर्षं बाबा हिच्यातच," लेक म्हणाली. "कमरेखाली जाणीवच उरली नव्हती."

पडद्यासमोर संगीतकाराचा सहायक बसला होता. तो चटपटीत होता आणि जरासा गोंधळलेलाही.

"हा ध्वनी नाही, सुरांची यादी आहे," त्याने समजावले. "कुठला सूर, कधी, किती जोरात, एवढंच यंत्र लिहितं. आवाज उतरवायचा तर वेगळी सूचना द्यावी लागते, एकशे सत्तावीसपासून शून्यापर्यंत. सरकत्या बटणानं उतरवलात तर ती सातव्या ओळीत उमटते. पेडलनं, तर अकराव्या."

"आणि माउसनं?"

"हवी ती ओळ. मी माउसच वापरतो. दोन टोकं धरायची, रेघ ओढायची." त्याने तालवाद्याची ओळ दाखवली. आवाज पट्टीने आखल्यासारखा सरळ उतरला होता. शेजारच्या व्हायोलिनच्या ओळीत मात्र जिना होता. "या पायऱ्या काकांच्या."

कोपऱ्यातले वर्तमानपत्र खाली आले. काका, म्हणजे संगीतकाराचे धाकटे भाऊ, रेडिओच्या ध्वनिकक्षातून निवृत्त झालेले.

"आमच्या काळी गोल खुंटी असायची. टक, टक, टक! दर टकीला आवाज एक पायरी खाली. आता लोण्यासारखं सरकतं सगळं, पण माझा हात पायऱ्यांनीच उतरतो. हा हसतो मला."

"हसत नाही काका, सरळ करून देतो म्हणतो."

"हात लावशील तर बघ!"

"बासरी दाखवा," वकीलबाई म्हणाल्या.

बासरीची सूचना अकराव्या ओळीत होती. ती ना सरळ होती, ना पायऱ्यांची. मास्तरांनी चष्मा वर केला. "लाटा आहेत या! प्रत्येक लाट आधीच्यापेक्षा ठेंगणी. शेवटी शून्य." फळ्यावर असा आलेख काढून किती वर्षे झाली, असे त्यांच्या मनात आले.

वकीलबाईंचे बोट मात्र वर, सुरांकडे होते. "इथून पुढे या एका सुरासमोर एकही ठिपका नाही. आधी तर भरपूर आहेत."

"पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी," सहायक म्हणाला. "तो सूर आला की सर दर वेळी एक मात्रा थांबलेत. मला वाटलं, बोट चुकलं. भरून देऊ का विचारलं, तर म्हणाले, 'हात लावू नकोस.' त्या दिवशी आवाज होता हं. नंतरचं मला ठाऊक नाही."

"वाजवताना बटणं तुम्हीच दाबायचात?"

"छे, रेकॉर्डिंगचं लाल बटण ताईंच्या आई दाबायच्या. या भागाला मात्र सरांनी त्यांना मुद्दाम औषधं आणायला पाठवलं आणि मला बसवलं."

शेजारच्या खोलीत आई खिडकीपाशी बसल्या होत्या. भिंतीला टेकून कापडाखाली एक जुनी पायपेटी होती. मास्तरांना शाळेचे सभागृह आठवले; तिथल्या पायपेटीमागे संगीताच्या बाई दिसत नसत, नुसता भाता मारणाऱ्या पावलांचा आवाज येई.

"वाजते का अजून?" वकीलबाईंनी विचारले.

"भाता धड आहे. पांढरी सहा तेवढी बोलत नाही. माझ्या माहेराहून आली, ती अशीच मुकी."

बोलताना आईंचे उजवे पाऊल खुर्चीखाली खाली-वर होत होते. मास्तरांना वाटले, पायाला मुंग्या आल्या असाव्यात.

"आई, बाबांनीच उतरवला असेल का गं आवाज?" लेकीने विचारले.

पाऊल थांबले.

"त्यांचं काम त्यांना माहीत," आई म्हणाल्या.

तीन वाजता वकीलबाईंनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवले. आईंना त्यांनी स्वतः हात धरून आणले.

"संगीतकारांनी आवाज उतरवलेला नाही," त्या म्हणाल्या. "सूचना अकराव्या ओळीत आहे, म्हणजे पेडलची. त्यांचे पाय चालत नव्हते."

"माउसनंही अकराव्या ओळीत लिहिता येतं की!" मास्तर म्हणाले.

"येतं. पण माउस रेघ ओढतो, अशा लाटा नाही. काकांचा पाय असता तर पायऱ्या दिसल्या असत्या. या लाटा कुणाच्या? मास्तर, पायपेटीवर आवाज कमी कसा करतात?"

"भाता हळू मारायचा. पाय थांबवायचा नाही, नुसता जोर कमी करत जायचा..." मास्तरांचा आवाजही विरत गेला.

"पेटीतला भाता ते हेलकावे पोटात घालतो. यंत्र घालत नाही. पावलागणिक लिहून ठेवतं."

मग आईच बोलल्या.

"ती चाल माझी आहे. लग्नाआधी रचलेली. यांनी एकदा मागितली होती. मी म्हटलं, सगळं घ्या, एवढी माझ्यापाशी राहू द्या. पुन्हा चाळीस वर्षं नाव काढलं नाही. आणि हे गेल्यावर चौथ्या दिवशी यंत्र लावलं, तर बासरीवर तीच! वाटलं, शेवटी न विचारता नेलीच."

"मग पुसून का नाही टाकलीत?" मास्तरांनी विचारले.

"कशी पुसू? कुठलं बोट किती जोरात पडलं, सगळं आहे त्यात. त्यांची बोटं आहेत ती."

वकीलबाई त्यांच्याजवळ सरकल्या. "ही रिकामी ओळ बघा. या यंत्रात पांढरी सहा मुकी नाही. चाल आपली म्हणून खपवणारा माणूस ते भोक आधी बुजवतो. यांनी एकूणएक जागी थांबून तुमच्या पेटीचं मुकेपण जपलं. सहायकाला हातही लावू दिला नाही. तुम्हाला बाहेर पाठवलं, ते पुरं झाल्यावर तुम्हाला एकदम ऐकवायचं होतं म्हणून. विचारायचंही असेल. तीन दिवस पुरले नाहीत."

आईंनी चष्मा लावला. पडद्यावरच्या रिकाम्या जागा त्यांनी बोटाने मोजल्या. नऊ.

"वेड्यासारखं लक्षात ठेवलं," त्या पुटपुटल्या. मग घड्याळाकडे पाहिले. सव्वातीन.

त्या टेबलापाशी बसल्या. उजव्या पायातली चप्पल काढून पाऊल पेडलवर ठेवले. "जुनी ओळ पूस रे. आणि तू लाल बटण दाब गं."

लेकीने बटण दाबले. बासरी पावलाच्या श्वासाबरोबर वर आली. लेकीपर्यंत लहानपणी ही चाल नेहमी भिंतीपलीकडूनच आली होती: गृहपाठाच्या वहीवर डोके टेकलेले, आणि आई उठून येईल म्हणून पाने उलटण्याचे सोंग. चाल चढत गेली, एक मात्रा थांबली, पुढे निघाली. प्रत्येक थांब्याला काकांचे वर्तमानपत्र थोडे थोडे खाली आले.

सूर संपले. सहायकाचा हात सवयीने माउसकडे गेला. "लाटा जरा सरळ करू?"

"हात लावशील तर बघ," काका म्हणाले.

संगीतकार या शब्दापुढच्या चौकटीत एकच नाव होते. लेकीने त्याच्या शेजारी आईचे टाइप केले आणि पडदा आईकडे वळवला. आईंनी ते वाचले, आणि होकारार्थी मान हलवली.

चाराला दहा मिनिटे कमी असताना रचना गेली. आईंनी चप्पल पायात सरकवली आणि सहा कप चहा टाकायला उठल्या.