जागा बघ हां

हिनाची वाटी परत करायला गेले होते, एवढंच. रिकामी कशी द्यायची म्हणून आमच्या वाडीतले चार चिकू घातले होते. आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे त्यांच्याकडे काय चाललंय ते मला कळतं. मुद्दाम कान लावावा लागत नाही. कधी कधी लावते, ते वेगळं.

हिनाचा नवरा निमेश कुंभवलीला कारखान्यात आहे. सुट्टीला गळ्यात कॅमेरा अडकवून तारापूरच्या जुन्या बाजारचौकात जायचा. झिजून गुळगुळीत झालेले दगड, मासळीवाल्यांची रांग, भाव करणाऱ्या बायका. कोणाला पत्ता लागू न देता फोटो काढायचा. पण त्या दिवशी हिनाचे डोळे सुजलेले होते.

"मावशी, आठ दिवस झाले, हे कामावर जातच नाहीत. दहाला चौकात जाऊन बसतात, बाजार उठला की येतात. जेवत नाहीत, बोलत नाहीत. अंगाला मासळीचा वास... आमच्याकडे तर अंडंही येत नाही. शुक्रवारी आला नाही तर दुसरा माणूस घेतो, असा कारखान्यातून फोन आलाय."

मग तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. निमेशने काढलेला शेवटचा. खालून फोटो घेता यावा म्हणून तो मासळीच्या रांगेतल्या एका मोकळ्या जागी बसला होता. समोर औषधाच्या दुकानाची काच, काचेत सगळी रांग. त्या जागी कॅमेरा धरलेला निमेश दिसायला हवा होता. तिथे एक बाई बसलेली होती. पोपटी साडी, पिवळे काठ. तोंडावर उन्हाची चकाकी.

"फोटो यांनी काढलाय ना... मग हे कुठे आहेत?"

"काचच ती, काहीही दिसतं," मी म्हटलं. घरी आल्यावर पाहिलं तर वाटी आणि चिकू माझ्याच हातात.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी चौकात गेले. ऊन डोक्यावर होतं. सुगंधा बोंबील साफ करत होती. वीस वर्षं मी तिच्याकडूनच मासळी घेते. तिच्या शेजारी चंद्रकांता बसायची. ती नुकतीच वारली. तिची टोपली भिंतीशी पालथी घातली होती आणि टोपलीपुढे निमेश बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन.

"सुगंधा, हा इथे कशाला बसलाय?"

"जागा बघतो बोलला तो." तिने मान वर केली नाही.

"कोणाला?"

"आमाला काय ठावं? तो डोळा लावून फोटो काढत व्हता. मागनं कोन तरी बोललं, जागा बघ हां, पानी पिऊन येते. आमी समद्यांनी ऐकलं. हा बोलला, हो, बघतो. एकदा बोललं की ती येईतोवर उठायचं नाय. बाजाराची रीत हाय."

"चंद्रकांताचा आवाज होता?"

"नाय." तिने पुढचा बोंबील उचलला. "ही जागा चंद्रकांताची कुठं व्हती? तिची त्या पलीकडं, झाडाखाली. ती पन कोनाला तरी बघते बोललेली. एकवीस वर्सं झाली."

मी निमेशच्या खांद्याला हात लावला. "ऊठ रे बाबा. हिना रडते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. "मावशी... घसा सुकलाय. जरा पाणी पिऊन येतो... तेवढी जागा..."

सुगंधाचा कोयता थांबला.

आमच्या आळीतल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. कोणाचं दूध, कोणाचं तान्हं. 'जरा बघा' म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं.

"जा रे. बघते मी."

तो उठला आणि मागे न बघता बसस्टॉपकडे गेला. शुक्रवारी कामावर हजर झाला. आता बरा आहे, वजनही भरलंय. ते दिवस त्याला आठवत नाहीत. ऊन फार होतं, एवढंच म्हणतो.

मी दहाला जाते. कोणी ओढून नेत नाही. स्वयंपाक आटपला की पाय निघतात. बसायला तशी वाईट जागा नाही. कोणाची सून काय नेते, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं समोर दिसतं. सुगंधा पहिल्यासारखीच बोलते. फक्त माझ्यासमोर पाण्याची बाटली काढत नाही.

गेल्या रविवारी हिना हसत आली. हातात पुडकं.

"मावशी, यांना तुम्ही परत आणलंत. नाही म्हणायचं नाही. पालघरला दुकानात पाहिली आणि रंग एकदम तुमचाच वाटला."

पोपटी. पिवळे काठ.

"हिना, तो मोबाइलमधला फोटो..."

"कुठला फोटो?"

मी साडी कपाटात अगदी खाली ठेवली. किल्ली माझ्या कमरेला असते. साडीची घडी मी मोडलेली नाही, मोडणारही नाही. आज सकाळी उघडून पाहिलं. घडी जशीच्या तशी होती.

पदराला दोन खवले चिकटले होते. ओले.