हाय म्हणजे हो

रुचिरा पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि त्याला जळका वास येत होता. आजारी मांजर ठेवावं तसं तिने ते माझ्या टेबलावर अलगद ठेवलं.

"जपानहून आलंय," ती म्हणाली. "मी याला मारलंय की नुसतं बेशुद्ध केलंय, तेवढं सांगा."

हे सत्त्याण्णव सालचं. पनवेलला उरण नाक्याजवळ कृष्णकांतकाकांच्या दुकानात मी टीव्ही दुरुस्त करायचो. टॉवेल सोडला तर आत व्हिडिओ गेमचं मशीन. तिचा मामा जहाजावर नोकरीला होता, त्याने ते आणलं होतं. जपानची वीज शंभर व्होल्टची, आपली दोनशे तीसची. तिने ते सरळ भिंतीवरच्या प्लगला लावलं होतं. मी उघडून बघितलं. पॉवर सप्लाय जळला होता, बाकी सगळं धड होतं.

"बेशुद्ध," मी म्हणालो.

ती हसली. मी मान खाली घालून स्क्रू लावत बसलो. त्याहून जास्त बोलायची माझी तयारीच नव्हती.

मी पनवेलजवळच्या नेऱ्याचा. घरी आमची आगरी बोली, हाय आणि नाय, आमी आणि तुमी. दुकानात लागलो त्याच्या पहिल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाने चारचौघांत माझी नक्कल केली होती. सगळे हसले. तेव्हापासून मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासायचो. हायचं आहे करायचो, नायचं नाही करायचो. तोवर समोरच्याचं बोलणं पुढे गेलेलं असायचं, मग मी गप्पच बसायचो. रुचिराने नंतर सांगितलं, तिला वाटलं होतं की हा मेकॅनिक फार शिष्ट आहे.

मशीन चार दिवसांत चालू झालं. सोबत ट्रान्सफॉर्मर दिला. पण तिच्या घरच्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं दिसायला लागलं. जपानची रंगाची पद्धत वेगळी, आपल्या टीव्हीला ती कळत नाही. दुकानात मात्र एक मोठा परदेशी टीव्ही होता, त्याला दोन्ही पद्धती कळायच्या. काका म्हणाले, शनिवारी दुपारी गर्दी नसते, इथे येऊन खेळत जा.

खरं म्हणजे तिच्या टीव्हीत एक छोटासा क्रिस्टल बसवला असता तर घरीच रंग दिसले असते. अर्ध्या तासाचं काम. मला ते पहिल्या दिवशीच माहीत होतं. मी बोललो नाही.

ती शनिवारी आली, स्टूल ओढून बसली आणि खेळायला लागली. तो गेम तिच्या ओळखीचा होता. शाळेत असताना मामानेच त्याची जुनी आवृत्ती आणली होती, सेलवर चालणाऱ्या हातातल्या मशीनवरची. एक मुलगा होडी घेऊन हरवलेलं गाव शोधायला निघतो, अशी ती गोष्ट. सगळं जपानीत. तिला एक अक्षर कळायचं नाही, तरी तिने तो तीनदा पुरा केला. तेवढ्यासाठी ती पुढे जपानी शिकायला लागली, दर रविवारी पुण्याला जाऊन. आता तोच गेम जपान्यांनी नव्याने बनवला होता. चित्रं नवी, संगीत नवं, आणि माणसं चक्क बोलत होती.

मी एक वाक्य तयार केलं आणि विचारलं, "कसा वाटतो?"

"याला नाक आहे," ती म्हणाली.

"कोणाला?"

"हिरोला. जुन्यात तो नुसते चार चौकोन होता. चेहरा मी मनाने दिला होता. आठ वर्षं सांभाळला. आता हा भलताच कोणीतरी निघाला."

"वाईट आहे का दिसायला?"

"देखणा आहे. तोच तर प्रॉब्लेम आहे." तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं... "माझा जरा सावळा होता. आणि कमी बोलणारा."

माझं बोट सोल्डरिंगच्या गरम टोकाला लागलं.

त्या दिवशी तिला काहीच पसंत पडलं नाही. नदी फार चकचकीत आहे म्हणाली. गावातली विहीर काढून टाकली, त्याबद्दल तर ती जपान्यांवर खूपच रागावली. मी पहिल्यांदाच बघत होतो, मला सगळंच छान वाटत होतं. पण तिसऱ्या-चौथ्या शनिवारी तिची कुरकुर कमी झाली. गेममध्ये पावसाचा आवाज पत्र्यावर वेगळा आणि पानांवर वेगळा येत होता. ती खेळायचं थांबवून तो ऐकत बसली. मी पंखा बंद केला, तिला नीट ऐकू यावं म्हणून. तिने बघितलं. खिडकीतून ऊन तिच्या अंगावर येत होतं तरी तिने पंखा लावायला सांगितला नाही.

मग तो पुलावरचा प्रसंग आला. पुलावर एक मुलगी उभी असते. होडीवाला तिला काहीतरी विचारतो आणि ती हळू आवाजात एक लांब वाक्य बोलते. वाक्याच्या शेवटी ती म्हणाली, "नाय."

मी एका टीव्हीच्या मागे डोकं घालून बसलो होतो. तिथूनच माझ्या तोंडून निघून गेलं, "तिच्याकडं काय नाय?"

आणि माझे कान तापले. सहा वर्षांत दुकानात पहिल्यांदा तपासल्याशिवाय वाक्य बाहेर पडलं होतं.

रुचिराने हातातलं खाली ठेवलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"ती म्हणाली, मला परत जायला घर नाही. तुम्हाला जपानी येतं?"

"नाही. ती नाय म्हणाली, म्हणून... आमच्या घरी, नेऱ्याला, नाहीला नाय म्हणतात."

"जपानीतसुद्धा." ती स्टुलावर पूर्ण वळून बसली. "आणि हो म्हणायचं असेल तर जपानी माणूस काय म्हणतो, ठाऊक आहे? हाय."

मला वाटलं ती थट्टा करतेय. तिने पुण्याच्या क्लासची वही काढून दाखवली. पहिल्याच पानावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, हाय म्हणजे हो. मग ती हसायला लागली, पण त्या गिऱ्हाइकासारखं नाही. म्हणाली, मी दोन वर्षं एशियाड बसने पुण्याच्या खेपा घालतेय आणि हे इथे नेऱ्यात लहान पोरांना येतंय.

"मग माझ्याशी पेपरातल्यासारखं का बोलता?" तिने विचारलं.

मी तिला नकलेची गोष्ट सांगितली. ऐकताना तिचं हसू गेलं. म्हणाली, "तो परत आला तर मला दाखवा. आणि माझ्याशी तुमचंच बोला. नाहीतर मीही पुढच्या शनिवारी नुसती जपानीतच बोलेन, बसा मग."

त्यानंतर मी बोललो. इतका बोललो की काका म्हणाले, अरे हा धर्मराज नावाचा रेडिओ कोणी दुरुस्त केला? नेऱ्याच्या नदीबद्दल बोललो, माझ्या आईबद्दल बोललो, आईच्या हातच्या सुक्या जवळ्याबद्दल बोललो. कधी तुम्हीचं तू झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

बाराव्या शनिवारी ती आली ती गप्पच. गेम संपत आला होता. खेळता खेळता, पडद्यावरची नजर न काढता तिने सांगितलं, की आत्याने पुण्याचं स्थळ आणलंय आणि उद्या ते लोक बघायला येणार आहेत. मुलगा इंजिनिअर आहे. एवढं सांगून ती पुन्हा खेळायला लागली.

मला एकच कळत होतं. आज नाही बोललो तर पुढच्या शनिवारी ते स्टूल रिकामं असणार. पण आधी मनातलं लपवलेलं काढायला हवं होतं, खोटं ठेवून पुढचं बोलणं मला जमलं नसतं.

"रुचिरा, एक सांगायचं हाय," मी म्हणालो. "तुज्या घरच्या टीव्हीत एक क्रिस्टल बसवला की तिथंच रंग दिसतील. अर्ध्या तासाचं काम हाय. मना पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मला दुसऱ्या दिवसापासून."

"म्हणजे?"

"काकांनी सांगितलं होतं. मीच त्यांना म्हटलं, मला कळलंय हे धर्मराजला सांगू नका."

काउंटरवर काका एका अँटेनाकडे फार निरखून बघायला लागले.

"मग तू बोलली का नाय?"

"तू यावर गप्प किती शनिवार बसतोस ते बघत होते. बारा बसलास." तिने आता गेम थांबवला. "उद्याच्या लोकांना मी काय सांगू?"

माझ्या मनात तीन-चार चांगली वाक्यं तयार होती. शुद्ध, पेपरातल्यासारखी. मी त्यातलं एकही काढलं नाही.

"तुज्या मनात मी हाय का?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "हाय," ती म्हणाली.

ते जपानी होतं की आगरी, हे मी तिला कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पाहुण्यांना चहा दिला आणि तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं की माझं ठरलंय. सोमवारी तिचे बाबा दुकानात आले. मंत्रालयात नोकरीला असलेला, कमी बोलणारा माणूस. तुमच्या गावात तिचं कसं निभेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तिला आमची बोली येतेय, आमाला तिची येतेय. बाकीचं आमी शिकू." बोलताना मी आवाज खाली आणला नाही. ते म्हणाले, रविवारी आईला घेऊन घरी या.

लग्नानंतर रुचिराने पनवेलला जपानीचा क्लास काढला, आणि तो वीस वर्षं चालवला. गावाकडून आलेली मुलं लाजून मागे बसायची. त्यांना ती पुढच्या रांगेत बोलवायची आणि सांगायची, इथे बसा, तुम्हाला दोन शब्द आधीच येतात. घरी येऊन मला ती हे दर वर्षी नव्याने सांगायची आणि मी दर वर्षी नव्याने ऐकायचो.

तिला जाऊन आता दीड वर्ष झालं. तेव्हा भेटायला खूप माणसं आली. त्यांत तिच्या क्लासची एक मुलगी होती, अंकिता, मूळची शिरढोणजवळच्या पाड्यातली, आता ओसाकाला मोठ्या कंपनीत आहे. सोबत तिचे जपानी साहेब होते. घर माणसांनी भरलेलं होतं. अंकिता माझ्यासमोर बसली, माझा हात हातात घेतला आणि आमच्या बोलीत माझ्याशी बोलली. मग मान वळवून तेवढ्याच मोठ्या आवाजात साहेबांशी जपानीत बोलली. सगळे ऐकत होते, हसलं कोणी नाही. मी ताठ बसून राहिलो.